हेडशॉटची तयारी: पंधरा दिवस आधीपासून शेवटच्या क्लिकपर्यंत

हेडशॉटच्या चौकटीत माणूस मावतो तो डोक्यापासून छातीच्या वरच्या भागापर्यंत. नऊवारी नेसा नाहीतर सहावारी, दिसणार जेमतेम वीतभर पदर. जागा एवढी लहान असल्यामुळे तिथली प्रत्येक बारीक गोष्ट मोठी होऊन समोर येते: एका बाजूला दबलेली कॉलर, भुवईखालची लाली, चष्म्याच्या काचेवरचा पांढरा चट्टा. यातलं बरंचसं फोटोग्राफरच्या हाती नसतं. लाली आदल्या दिवशी पार्लरमधून सोबत आलेली असते आणि कॉलर लोकलच्या गर्दीत चेपलेली असते. म्हणून तयारीला पंधरा दिवस द्या. रोज काही करायचं नाहीये, फक्त कुठली गोष्ट कधी उरकायची हे नीट ठरवायचं आहे.

फोटो कुठे लागणार?

स्टुडिओला फोन करण्याआधी ही यादी कागदावर लिहा. लिंक्डइनवर चौकोनी फोटो चढवला तरी तो गोलात दिसतो आणि कोपरे कापले जातात. डोक्यावर मोकळी जागा न ठेवता काढलेल्या फोटोत मग अंबाडा छाटला जातो. व्याख्यानमालेच्या पत्रिकेत फोटो टपालाच्या तिकिटापेक्षा थोडाच मोठा छापतात. तिथे काळे केस आणि काळी पार्श्वभूमी असेल तर शाईत दोन्ही एक होतात आणि चेहरा अधांतरी दिसतो. पुस्तकाच्या मलपृष्ठाला उभी चौकट लागते, कंपनीच्या संकेतस्थळाला पुष्कळदा आडवी. फोटोग्राफरला स्पष्ट सांगा, ‘काही फोटो जवळून, काही सैल चौकटीत.’ सैल फोटो नंतर हवा तसा कापता येतो, पण जवळून काढलेल्या फोटोला खांदे जोडता येत नाहीत.

व्यवसायाप्रमाणेही थोडा फरक पडतो. वकिलांनी काळा कोट जरूर घालावा, पण बँड (गळ्यातली पांढरी पट्टी) आणि गाऊन कपाटातच राहू द्यावा. बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार समारंभाचे ठरावीक प्रसंग सोडले तर न्यायालयाबाहेर सार्वजनिक ठिकाणी ते घालायचे नसतात. डॉक्टरांचा पांढराशुभ्र एप्रन दिव्याखाली चेहऱ्यापेक्षा जास्त चमकतो, म्हणून आत रंगीत शर्ट किंवा कुर्ता हवा आणि एप्रन घालणार हे फोटोग्राफरला आधी कळवायला हवं. अभिनयासाठी कास्टिंगला द्यायचे फोटो हा वेगळाच प्रकार आहे. तिथे जवळपास मेकअपविना, समोरून आणि दोन्ही बाजूंनी चेहरा दिसावा लागतो. ऑफिसचा हेडशॉट तिथे चालत नाही.

याच फोटोतून व्हिसाचाही फोटो काढून घेऊ, हा विचार सोडून द्या. त्याचे नियम निराळे असतात. उदाहरणार्थ, अमेरिकेच्या व्हिसाच्या फोटोत १ नोव्हेंबर २०१६ पासून चष्माच चालत नाही.

वेळ ठरवताना

किती मिनिटं मिळणार, किती वेळा कपडे बदलता येतील, रीटच केलेले, म्हणजे कंप्युटरवर बारीकसारीक दोष काढलेले, फोटो किती देणार, पार्श्वभूमी कोणती, फोटो पसंत पडले नाहीत तर पुन्हा काढून देणार का, हे सगळं आधी विचारून व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. कॅमेऱ्याची सवय नसेल तर पाऊण तासापेक्षा कमी वेळ घेऊ नका. पहिली दहा-पंधरा मिनिटं चेहरा आखडलेलाच असतो. वीस मिनिटांच्या सत्रात चेहरा मोकळा होईपर्यंत पुढच्या माणसाची वेळ होते.

हक्कांचंही बोलून घ्या. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो, मात्र वेगळा करार नसेल तरच. स्टुडिओच्या छापील पावतीवर किंवा फॉर्मवर तसा करार असू शकतो, म्हणून सही करण्याआधी ती बारीक अक्षरं वाचा. पैसे कंपनीने दिले असतील तर मालकी कंपनीकडे जाते. नोकरी बदलल्यावर तोच फोटो वापरायचा असेल तर एचआरकडून दोन ओळींची परवानगी आत्ताच घेऊन ठेवा.

सकाळी साडेदहा-अकराची वेळ सगळ्यात चांगली. उठल्यावर चेहऱ्यावर असलेली सूज तोवर उतरते, दाढी वाढून गालावर हिरवट सावली आलेली नसते आणि दुपारच्या जेवणानंतरची पेंगही नसते.

पंधरा दिवसांचं वेळापत्रक

दातांवर चहाचे किंवा तंबाखूचे डाग असतील तर सफाई दोन आठवडे आधी करून घ्या. त्यानंतर हिरड्या काही दिवस हुळहुळतात आणि दुखऱ्या हिरड्यांनी कोणी मोकळं हसत नाही. चष्म्याच्या काचेवर ओरखडे असतील किंवा फ्रेम एका बाजूला कलत असेल तर ती दुरुस्तीही याच आठवड्यात करा.

केस सात ते दहा दिवस आधी कापा. ताज्या कटिंगनंतर कानामागची आणि मानेवरची कातडी उघडी पडल्यासारखी दिसते. आठवड्याभरात ती बाकीच्या रंगाशी जुळते. फेशियल किंवा ब्लीच करायचंच असेल तर तेही याच सुमारास आणि नेहमीच्याच ठिकाणी करा. नवं क्रीम, नवा साबण, नवा घरगुती लेप यांपैकी काहीही या पंधरवड्यात सुरू करू नका. त्वचेला ते मानवलं नाही तर पुरळ जायला आठ दिवस लागतात.

केसांना रंग तीन-चार दिवस आधी लावा, म्हणजे कपाळावर आणि कानाच्या पाळीवर लागलेला डाग दोन-तीन आंघोळींत निघून जातो. मेंदी लावत असाल तर एक लक्षात ठेवा. पांढऱ्या केसांवर चढलेला तिचा केशरी रंग घरच्या आरशात जाणवत नाही, पण स्टुडिओच्या दिव्यात उठून दिसतो. थ्रेडिंग आणि अप्पर लिप दोन दिवस आधी उरका. पुरुषांनी कानातले आणि नाकातले केस आदल्या दिवशी कापावेत. दाढी ठेवत असाल तर मानेवरची रेषा कंठमण्याच्या दोन बोटं वर असावी. ती जबड्यापर्यंत चढवली की हनुवटीखालचा भाग जाड दिसतो.

आदल्या रात्री पापड, लोणचं, फरसाण आणि दारू टाळा. मिठाने शरीरात पाणी धरून राहतं आणि सकाळी डोळ्यांखाली पिशव्या दिसतात. काजळ झोपण्यापूर्वी तेल लावून पूर्ण काढा, नाहीतर सकाळी कितीही तोंड धुतलं तरी खालच्या पापणीत काळी रेघ राहते. केसही आदल्या रात्रीच धुवा. सकाळी धुतलेले केस पावसाळी हवेत चहूकडे उडतात. दाढी मात्र सकाळीच करा, फोटोच्या दोन-तीन तास आधी, केसांच्या दिशेने आणि नव्या ब्लेडने.

कपडे

तयारीचा सगळ्यात मोठा भाग हाच आहे. चुका होतात त्याही इथेच, म्हणून जरा सविस्तर पाहू.

गर्द निळा, बाटली हिरवा, मरून, वांगी आणि मध्यम करडा हे रंग आपल्याकडच्या बहुतेक त्वचेला शोभतात. हळदी पिवळा, केशरी आणि झगझगीत गुलाबी यांची अडचण वेगळी आहे. दिव्याचा प्रकाश कापडावरून उसळून हनुवटीखाली येतो आणि गळ्यावर त्याच रंगाची झाक पडते. ती कंप्युटरवर काढायला वेळ लागतो आणि काढली तरी त्वचेचा रंग थोडा मेल्यासारखा होतो. नुसता पांढरा शर्ट डोळे चेहऱ्यावरून स्वतःकडे ओढून घेतो, वरून कोट किंवा जाकीट असेल तर हरकत नाही.

बारीक चौकडी, बारीक रेघा आणि दाट विणीचे काही कोट यांच्यावर फोटोत पाण्यासारख्या रंगीत लहरी दिसतात. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरही उभ्या-आडव्या ओळी असतात. कापडाच्या ओळी त्यांच्याशी जवळपास जुळल्या की तिसरीच नक्षी तयार होते. घरी तपासायला सोपं आहे. दीड मीटरवरून मोबाइलने त्या कपड्याचा फोटो काढा आणि स्क्रीनवर लहान-मोठा करून बघा. लहरी हलताना दिसल्या तर तो कपडा बाजूला ठेवा.

शर्टाचं वरचं बटण लावल्यावर कॉलर आणि मान यांच्यामध्ये एक बोट सहज जायला हवं. दोन बोटं जात असतील तर मान बारीक आणि माणूस आजारी दिसतो. बोट जातच नसेल तर गळ्याची कातडी कॉलरवर येते. शर्ट अंगाला सैल असेल तर पाठीमागे कापड ओढून कपडे वाळत घालायचे दोन चिमटे लावा. समोरून फिटिंग बेतल्यासारखं दिसतं. कोट घालून बसायचं असेल तर कोटाचा मागचा घोळ ताणून त्यावरच बसा, म्हणजे खांद्यावर कापड फुगत नाही. फिक्या शर्टाखाली बनियनची बाही दिव्यात स्पष्ट दिसते. त्वचेच्या रंगाचा व्ही गळ्याचा बनियन घाला, नाहीतर घालूच नका. बंदगळा किंवा नेहरू जाकीट घालणाऱ्यांनी मानेमागे कॉलर उभी राहून पोकळी दिसते का, हे कोणाला तरी बाजूने पाहायला सांगावं.

साडीत सुती, लिनन, नाहीतर कमी चमकीचं रेशीम घ्या. पैठणीचा काठ देखणा असतो, पण त्यातली जर (सोनेरी तार) गळ्याजवळ आली की दिव्याचा प्रकाश ती परत फेकते आणि नजर चेहऱ्यावरून काठावर जाते. पैठणीच नेसायची असेल तर जरीचा भाग खांद्याच्या बाहेरच्या कडेला राहील असा पदर लावा. एकूणच पदराची पिन गळ्याजवळ न लावता खांद्याच्या हाडाच्या टोकाकडे लावावी. गळ्याजवळ लावली की निऱ्यांचा गठ्ठा मानेला चिकटतो आणि डावा खांदा उजव्यापेक्षा उंच दिसतो. पिन आतल्या बाजूने लावा. कुर्ता असेल तर ओढणीशिवायही काही फोटो काढून घ्या. फार खोल किंवा खांदे उघडे टाकणारा गळा टाळा, कारण जवळच्या चौकटीत कापडच दिसेनासं होतं.

मंगळसूत्र रोज घालत असाल तर घाला. फक्त वाट्या उलट्या झालेल्या नाहीत ना आणि आकडा पुढे सरकलेला नाही ना, हे प्रत्येक पाच-दहा फोटोंनंतर बघा. खड्यांची टिकली दिव्यात पांढरा ठिपका होऊन बसते, त्यापेक्षा साधी मखमली टिकली चांगली. डोलणाऱ्या झुमक्यांपेक्षा कानाला चिकटून बसणारी कुडी बरी. गंध रोज लावत असाल तर जरूर लावा, मात्र कडा स्वच्छ असू द्या. लोक तुम्हाला जसं ओळखतात तसंच फोटोत दिसायला हवं.

कपडे इस्त्री करून, हँगरला लावून, वर पिशवी घालून न्या आणि स्टुडिओत जाऊनच घाला. कडक खळ केलेल्या सुती कपड्याला रिक्षात बसल्या बसल्या चुण्या पडतात. तीन जोड पुरेत. पिशवीत एवढं ठेवा: कंगवा, सेफ्टी पिना, चिमटे, सेलोटेप (बोटांवर उलटी गुंडाळून कपड्यावरचे तंतू उचलायला), टिश्यू पेपर, चष्मा पुसायचं कापड, व्हॅसलिन, पाण्याची बाटली.

मेकअप आणि चमक

फाउंडेशनची छटा मनगटावर न जुळवता जबड्याच्या कडेवर, खिडकीच्या उजेडात जुळवा. चेहरा मानेपेक्षा एक छटाही उजळ झाला तर फोटोत मुखवटा घातल्यासारखा दिसतो. झिंक ऑक्साइड किंवा टायटेनियम डायऑक्साइड असलेली सनस्क्रीन त्या दिवशी लावू नका, कारण फ्लॅशमध्ये ती चेहऱ्यावर पांढुरका थर आणते. साधी टाल्कम पावडरही नको. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर ती राखेसारखी दिसते आणि कॉलरवर सांडते. घाम टिपायला टिश्यू दाबून धरा, घासू नका. टक्कल असेल तर कपाळाबरोबर डोक्यावरही रंगहीन पावडरचा हात फिरवा. पण चमक पूर्ण मारू नका. सावळ्या चेहऱ्याचा आकार गालाच्या हाडावरच्या आणि नाकाच्या शेंड्यावरच्या मऊ उजेडातूनच कळतो. तो घालवला की चेहरा सपाट होतो.

स्टुडिओत

कॅमेरा तुमच्यापासून किती लांब आहे ते पाहा. दीड ते दोन मीटर हे योग्य अंतर. फुल-फ्रेम (३५ मिलीमीटर फिल्मएवढा मोठा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ८५ ते १३५ मिलीमीटरची लेन्स लावली की या अंतरावरून चौकट बरोबर भरते. चेहऱ्याची ठेवण बिघडते ती जवळ आल्यामुळे. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत नाक कॅमेऱ्याला कानांपेक्षा खूपच जवळ असतं. जामा फेशियल प्लास्टिक सर्जरी या नियतकालिकात २०१८ साली आलेल्या अभ्यासानुसार १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाकाची रुंदी ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त भासते. ऑफिसच्या अरुंद मीटिंग रूममध्ये फोटो काढणार असतील तर हे अंतर मिळतंय का, ते आधी मोजून घ्या. सगळ्या सहकाऱ्यांचे फोटो एकाच दिवशी नसतील तर पायांच्या आणि ट्रायपॉडच्या जागेवर चिकटपट्टी लावून तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नाहीतर संकेतस्थळावर एकाचं डोकं नारळाएवढं आणि दुसऱ्याचं लिंबाएवढं दिसतं.

आता मान. ‘ताठ बसा’ म्हटलं की माणूस छाती काढून हनुवटी मागे ओढतो आणि दुहेरी हनुवटी तयार होते. करायचं असतं याच्या उलट. खांदे सोडा, पाठ सरळ ठेवा आणि कपाळ कॅमेऱ्याकडे तीन-चार सेंटिमीटर पुढे न्या, मग हनुवटी अगदी थोडी खाली घ्या. कासव कवचातून डोकं काढतं तसं वाटेल, बाजूने पाहणाऱ्याला विचित्रही दिसेल, पण समोरून जबड्याची रेषा स्वच्छ उमटते. घरी आरशासमोर रोज पाच मिनिटं केलं तर आठवड्यात अंगवळणी पडतं. शरीर कॅमेऱ्यापासून थोडं वळवून चेहरा परत कॅमेऱ्याकडे आणा. दोन्ही बाजूंनी वळून काही फोटो काढा, कारण केसांचा भांग आणि पदर यांमुळे एक बाजू नेहमी जास्त मोकळी दिसते.

हसू ‘चीज’ म्हणून येत नाही. त्या शब्दाने ओठ आडवे ताणले जातात आणि डोळे तसेच राहतात. खरं हसू गालांतून चढून डोळ्यांच्या कडांपर्यंत जातं. डोळे मिटा, नाकाने श्वास घ्या, तोंडाने सोडा आणि श्वास सुटत असतानाच डोळे उघडून लेन्सकडे बघा. फोटोग्राफरला त्याच क्षणी क्लिक करायला सांगा. भीतीने डोळे विस्फारतात, त्यावर उपाय म्हणजे खालची पापणी किंचित आवळणं, लांबची पाटी वाचताना आवळतो तेवढीच. न्यूयॉर्कचे हेडशॉट छायाचित्रकार पीटर हर्ली यांनी या युक्तीला ‘स्क्विंच’ असं नाव दिलं आहे. एकच भाव दहा सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका, तो शिळा होतो. मध्ये मान हलवा, गाल फुगवून हवा सोडा, पुन्हा बसा.

चष्मा रोज लावत असाल तर काढू नका. काचेवर दिवा दिसतो तेव्हा दोन उपाय आहेत. फोटोग्राफर दिवा वर आणि बाजूला सरकवेल. तुम्ही चष्म्याच्या काड्या कानावरून काही मिलिमीटर वर उचला, म्हणजे काचा किंचित खाली झुकतात आणि प्रतिबिंब चौकटीबाहेर जातं. उन्हात काळ्या होणाऱ्या काचा असतील तर स्टुडिओत पोहोचल्यावर दहा मिनिटं आत बसा आणि बाहेर फोटो काढायचा असेल तर दुसरा चष्मा न्या.

निवड, रीटच आणि फाइल

निवड एकट्याने करू नका. आपण स्वतःला आरशात, म्हणजे उलटं, पाहत आलेलो असतो. भांग, तीळ, वाकडं हसू सगळं फोटोत ‘चुकीच्या’ बाजूला दिसतं आणि फोटो उगाच नापसंत होतो. १९७७ च्या एका मानसशास्त्रीय प्रयोगात नेमकं हेच आढळलं होतं: माणसांना स्वतःची आरशातली प्रतिमा जास्त आवडली, त्यांच्या मित्रांना सरळ प्रतिमा. सोबत काम करणाऱ्या दोघांना पाच-सहा फोटो दाखवा. मोबाइलवर ते दोन सेंटिमीटर रुंद होतील इतके लहान करून बघा. तेवढ्यातही डोळे कळतात का? कळत असतील तोच फोटो घ्या.

रीटचबाबत साधा नियम सांगून ठेवा: पंधरा दिवसांत आपोआप जाणार असेल ते काढा, कायमचं असेल ते राहू द्या. पुटकुळी, दाढीचा काप आणि कोटावरचा तंतू जाऊ दे. तीळ, व्रण आणि डोळ्यांकडच्या सुरकुत्या राहू दे. आणि हे न विचारताच सांगा: ‘रंग उजळू नका.’ कित्येक ठिकाणी सवयीनेच त्वचा एक-दोन छटा गोरी करून देतात. हे होऊ देऊ नका. तुमचा रंग हा दुरुस्त करायचा दोष नाही आणि मुलाखतीला समोर येणारा माणूस फोटोतल्या माणसाशी जुळायला हवा.

फाइल दोन आकारांत मागा. एक पूर्ण आकाराची जेपेग, छपाईसाठी. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) १० बाय १२.५ सेंटिमीटर छापायला सुमारे ११८१ बाय १४७६ पिक्सेल लागतात, पूर्ण फाइलमध्ये त्याहून बरेच जास्त असतात. दुसरी वेबसाठी, चौकोनी, एसआरजीबी रंगात (स्क्रीनसाठीची नेहमीची रंगपद्धत). लिंक्डइनला निदान ४०० बाय ४०० पिक्सेल पुरतात, तरी ८०० ठेवा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेली फाइल दाबून लहान झालेली असते, म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा किंवा ड्राइव्हची लिंक मागा. लिंक काही आठवड्यांनी बंद होऊ शकते, त्यामुळे आली त्याच दिवशी फाइल उतरवून दोन ठिकाणी ठेवा आणि नावात वर्ष घाला.